मागच्या डाव्या चाकावरची तीन बोटं

१

दुकानात गाडी आली की मी मालकाकडे बघत नाही, आधी मागच्या चाकांकडे बघते. मालक खोटं बोलतो. पुढची चाकंसुद्धा थोडं खोटं बोलतात, कारण स्टेअरिंग त्यांना सांभाळून घेतं. मागच्या चाकांना सांभाळणारं कोणी नाही. ती जशी असतात तशी दिसतात.

उरणच्या रस्त्याला आमचं अलाइनमेंटचं दुकान आहे. टायर नवरा बघतो, हिरामण. मशीन मी बघते. मशीनवाल्यांचा माणूस शिकवायला आला होता तेव्हा तो हिरामणला शिकवत होता आणि मी चहा देत होते. चौथ्या चहाला मला आलं. हिरामणचं शिकणं अजून चालू आहे.

गुरुवारी सकाळी माझ्या बहिणीचा मुलगा कमलेश गाडी घेऊन आला. त्याचे स्वतःचे सहा ट्रेलर बंदरावर चालतात, पण ही गाडी हौसेची. निळी, दोन दारांची, बुटकी. आवाज असा की शेजारच्या वडापाववाल्याची कढई हलते.

"मावशी, मागचं सेटिंग एकदम कडक पाहिजे. रविवारी नेत्रा काढणार हाय हिला कोनमधून."

"तू का नाही काढत?"

"माझं पोट स्टेअरिंगला लागतं."

"मग पोटाचंपण लायसन काढ."

तो हसला आणि चावी टाकून पळाला. माझ्याकडे कोणी फार वेळ थांबत नाही.

नेत्रा माझी मुलगी. बावीस वर्षांची. अठराव्या वर्षी टेम्पो चालवायला लागली आणि तेव्हापासून तिला सरळ रस्ता आवडत नाही. रविवारी अकरा वाजता एका रिकाम्या कंटेनर यार्डात शर्यत होती. लाल कोन मांडलेले, त्यांच्या मधून घड्याळ लावून एकेकानं गाडी काढायची. पुण्याची एक टीम ड्रायव्हर निवडायला येणार होती, आणि भाग घेणाऱ्यांत नेत्रा एकटी मुलगी. मी तिला दहा वेळा शिव्या घातल्या. अकराव्या वेळी म्हटलं, जायचं तर जा, पण दुसऱ्या कोणी बसवलेल्या चाकांवर जायचं नाही. नव्वदच्या वेगात वळताना मागची चाकं केसभर तिरकी असली तर गाडीचं बूड पुढं येतं आणि तोंड मागं जातं. मग आई काय करणार? पेपरात फोटो बघणार?

म्हणून ती गाडी मी हातात घेतली.

२

साधी गाडी असली की रॅम्पवर चढवायची, चाकांना पाट्या लावायच्या, पडद्यावर आकडे बघायचे आणि बोल्ट फिरवायचे. शर्यतीच्या गाडीचं तसं नसतं. चालवणाऱ्याचं वजन सीटवर ठेवून आकडे घ्यावे लागतात, कारण माणूस बसला की गाडी त्या बाजूला दबते. मोठ्या दुकानांत त्याला लोखंडी वजनं असतात. आमच्याकडे मिठाच्या गोणी.

"नेत्रा, तुझं वजन किती?"

"पन्नास."

"मशीनला सांगतेस की नवऱ्या मुलाला?"

"चोपन्न," ती म्हणाली आणि मोबाईल घेऊन निघून गेली.

हिरामणनं दोन गोणी आणल्या, काट्यावर चोपन्न किलो भरवल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसवल्या. मी मागच्या दोन चाकांचे आकडे घेतले. दोन्ही लाल, म्हणजे चुकलेले. ते होणारच, कमलेशनं गाडी कुठल्या खड्ड्यांतून आणली होती देव जाणे. मागचं चाक धरणाऱ्या आर्मला एक बोल्ट असतो, त्याचा वॉशर अंड्यासारखा. तो फिरवला की चाक हलतं. डावीकडे पाव फेरा, उजवीकडे त्याहून कमी. आकडे हिरवे झाले. बोल्ट आवळले. वीस मिनिटांचं काम.

मी हात धुवून आले. मागचं डावं चाक परत लाल.

"हिरामण, गाडीला हात लावलास?"

"मी टायर काढतोय गो. मला हात दोनच हायत."

३

मी परत केलं. हिरवं झालं. ह्या वेळी मी हात धुवायला गेले नाही, पडद्यासमोर स्टूल घेऊन बसले. बसल्या बसल्या आकडा हलायला लागला. भराभर नाही. एखादा माणूस नीट टेकून बसायला जेवढा वेळ घेतो, तेवढा.

टायर आणि वरचा पत्रा यांच्यामधली फट मी बोटांनी मोजते. टेप असतो, पण टेप मांजर नेतं, बोटं जाग्यावर असतात. चारही चाकांवर माझी चार बोटं बसायला हवीत. तीन चाकांवर बसली. मागच्या डाव्या चाकावर तीनच.

मी डिकी उघडली. रिकामी. मागची सीट बघितली. रिकामी. ती सीट म्हणजे दोन वाट्या आहेत, दाखवण्यापुरत्या. डाव्या वाटीत एक खळगा पडला होता. जुनी गाडी आहे, सीट बसलेली असेल म्हटलं. उजव्या वाटीवर हात दाबून बघितला. ती टणक होती.

"स्प्रिंग बसली असंल," हिरामण म्हणाला.

"सकाळी चार बोटं होती."

"मग सकाळनंतर बसली असंल."

एवढ्या बुद्धीच्या माणसाबरोबर मी सव्वीस वर्षं संसार केला आहे.

मी स्प्रिंग खोलून बघितली. नवी कोरी. शॉकॲबसॉर्बर कोरडा, तेल गळत नव्हतं. मग म्हटलं, मीठ पाणी धरतं. गोणी जड झाल्या असतील. काट्यावर परत ठेवल्या. चोपन्न. आणि गोणी होत्या पुढच्या उजव्या सीटवर, दबत होतं मागचं डावं. हे मला आधी सुचायला हवं होतं, पण मिठावर आळ घ्यायला बरं वाटलं.

४

बोल्ट आवळले की गाडी मागून दाबून तीन वेळा हलवायची असते, म्हणजे स्प्रिंगा आपापल्या जागी बसतात. मी डिकीवर दोन्ही हात ठेवले आणि दाबलं. एक, दोन, तीन. हात काढले.

गाडी चौथ्यांदा खाली गेली आणि वर आली.

रस्त्यावरून कंटेनर जात होते, दुपारचे बारा वाजलेले, वडापाववाला गिऱ्हाईकाशी चटणीवरून भांडत होता. अशा वेळी काही होत नसतं. मी परत दाबलं. एक, दोन. मुद्दाम दोनच.

तिसरं गाडीनं केलं.

"हिरामण, इकडं ये."

"काय झालं?"

"डिकी दाब. एकदाच."

त्यानं एकदा दाबली आणि हात वर केला. गाडी खाली गेली, वर आली. मग पुन्हा खाली गेली, वर आली. मग पुन्हा. हिरामण तिच्याकडे बघत राहिला, आणि हात जोडून म्हणाला, "स्प्रिंग लय चांगली हाय."

"नारळ आणू का?" असंही त्यानं पुढं विचारलं. म्हणजे स्प्रिंगवर त्याचापण विश्वास नव्हता.

"नारळ खायला आण. मला भूक लागली हाय."

५

मागच्या दोन चाकांचा मिळून एक रोख असतो. पडद्यावर तो बाणासारखा दिसतो. बाण सरळ हवा. ह्या गाडीचा बाण डावीकडे झुकलेला होता, म्हणजे दुकानाच्या खाडीकडच्या भिंतीकडे. मी बोल्ट फिरवून सरळ केला, तो परत झुकला. चार वेळा. पाचव्या वेळी मला राग आला. गाडीचाच सांगाडा एका बाजूला वाकला असेल म्हणून मी गाडी रॅम्पवरून उतरवली, बाहेर वळवली आणि रिव्हर्समध्ये परत चढवली. मशीन जाग्यावरच, गाडीची बाजू बदलली. खाडीकडची भिंत आता गाडीच्या उजव्या हाताला आली.

बाण उजवीकडे झुकला.

तो गाडीच्या बाजूनं झुकतच नव्हता. तो त्या भिंतीकडे बघत होता.

भिंतीपलीकडे काय आहे ते मला माहीत आहे. नारळाची दोन झाडं, मग बांध, मग आमच्या सासऱ्यांचं मिठागर. बारा वर्षं बंद आहे. वाफे चिखलानं भरलेत, कडेला शेवटच्या वर्षाच्या मिठाची रास तशीच उभी आहे, वरून काळी पडलेली.

"हिरामण, गोणीतलं मीठ कुठून आणलंस?"

तो टायरला साबणाचं पाणी लावत होता. लावतच राहिला.

"विकत आणलंस ना?"

"मीठ विकत आणू? मी?" तो एकदम ताठ झाला. "माझ्या बापानं जल्मभर मीठ पिकवलं. आगरी माणसाच्या घरात कोण मीठ विकत आणतंय? रास पडलीय तिथं. फावड्यानं भरलं."

"कुठून भरलंस? वरून की खालून?"

"वरचं काळं व्हतं. खालून."

"किती खालून?"

"गोरं लागेपर्यंत."

मी दोन्ही गोणी त्याच्या डोक्यावर दिल्या आणि म्हटलं, जिथून काढलंस तिथं नेऊन टाक. तो गेला. जाताना बडबडत होता, येताना बडबडत नव्हता. पायांना चिखल, आणि चप्पल एकच.

"दुसरी?"

"राहू दे तिकडं," तो म्हणाला.

मी जाऊन बोटं लावली. मागच्या डाव्या चाकावर आता दोन बसली. मीठ गेलं होतं, वजन वाढलं होतं.

६

चारच्या सुमारास नेत्रा आली. हेल्मेट घेऊन आली होती, नवं, त्यावर स्वतःचं नाव लिहून घेतलं होतं.

"आई, झाली ना गाडी? उद्या प्रॅक्टिसला न्यायचीय."

"नाही झाली."

"सकाळपासून? टेन्शन देऊ नकोस हां. पुण्याचे लोक परत येणार नाहीत."

मी तिला काय सांगणार? सांगितलं असतं तर म्हणाली असती, तुला मला पाठवायचंच नव्हतं. आणि ते खोटंही नव्हतं. त्यामुळे माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही. मनात म्हटलं, सत्यवती, तुझीच इच्छा आहे की गाडी बिघडलेली असावी, म्हणून तुझी बोटं खोटं मोजतात. मग एकच उपाय होता. ज्या जागी वजन आहे त्या जागी स्वतः जाऊन बसायचं. जागा भरली की दुसरं कोण बसेल?

डाव्या बाजूनं पुढची सीट आडवी केली आणि मागं शिरले. शिरले म्हणजे आधी डोकं गेलं, मग साडी अडकली, मग हिरामणनं मागून ढकललं. त्या वाटीत मी बसले तेव्हा गुडघे हनुवटीला लागले आणि दोन्ही हात गुडघ्यांखाली अडकले. नेत्रा हसून हसून खाली बसली.

"फोटो काढू का?"

"थोबाड फोडीन. हिरामण, मागचं डावं मोज."

तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"चार," तो म्हणाला.

"नीट बघ. मी बसायच्या आधी दोन होती."

"चार हायत. वर आली गाडी."

"मी बसल्यावर वर आली? मी ब्याऐंशी किलो हाय!"

"मी कुठं काय बोललो?"

सीट ओली होती. घामानं भिजल्यासारखी नाही, खाडीच्या पाण्यानं भिजल्यासारखी, आणि गार. मी जागा भरली होती. जे होतं त्यानं मला जागा दिली होती, बसमध्ये म्हाताऱ्या बाईला देतात तशी. मग ते गेलं कुठं?

"हिरामण, पुढचं उजवं मोज."

तो फिरून तिकडं गेला. बोटं लावली. ह्या वेळी आकडा बोलला नाही, मला हात दाखवला. दोन बोटं.

पुढच्या उजव्या चाकावर ड्रायव्हर बसतो. मी समोर बघितलं. सीट रिकामी होती. वरचा आरसा मी सकाळीच नेत्राच्या उंचीला लावला होता. तो थोडा खाली वळला, करकर आवाज करत, आणि त्यात मी मला दिसले, गुडघ्यांच्या मागं, तोंड उघडं टाकलेली. आरसा ज्याला लागतो तोच तो वळवतो. माझ्याकडे कोणीतरी बघून घेतलं आणि आरसा परत होता तसा झाला.

"नेत्रा," मी म्हटलं, "दार उघडू नकोस."

ती माझं आजवर कधी ऐकत आलेली नाही. तिनं दार उघडलं आणि टपकन सीटवर बसली. "बघू, मला पण बघू दे काय मोजताय."

चोपन्न किलोची मुलगी बसली की गाडी हलते. कितीही कडक स्प्रिंग असो, थोडी तरी हलते. गाडी हलली नाही. पडद्यावर चारही चाकं हिरवी झाली आणि बाण सरळ झाला. अगदी सरळ. एवढं चांगलं सेटिंग माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.

"झालं!" हिरामण ओरडला. "बसलं सगळं!"

"आई, हात काढ ना मानेवरचा," नेत्रा पुढं बघत म्हणाली. "किती गार आहे."

माझे दोन्ही हात गुडघ्यांखाली अडकलेले होते.

मी त्या गाडीतून कशी निघाले ते आठवत नाही. साडी फाटली, दाराचा कोपरा कपाळाला लागला, रॅम्पवरून मी घसरून पडले. एवढं आठवतं की उठले तेव्हा नेत्राची वेणी माझ्या मुठीत होती आणि नेत्रा गाडीच्या बाहेर होती.

"पागल झालीस का?" ती रडत होती. "केस उपटलेस माझे!"

"केस येतील परत."

आम्ही गाडी ढकलून बाहेर अंगणात नेली, आत कोणी न बसता. ढकलायला जोर लागला नाही. ते मला आवडलं नाही. मग मी चारही टायरच्या हवा भरायच्या वॉलमधल्या पिना काढल्या. हवा फुसफुसत गेली, गाडी रिमवर बसली. पिना मी ब्लाउजमध्ये ठेवल्या.

७

कमलेशनं फोनवर मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. बहिणीचा मुलगा आहे, उद्या जेवायला येईल. मी त्याला एवढंच सांगितलं की सोमवारी क्रेन आण, उचलून ने आणि ज्याच्याकडून घेतलीस त्यालासुद्धा परत देऊ नकोस.

नेत्रा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवली, पण ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन. तिच्या टी-शर्टच्या मानेवर पांढरा डाग पडला होता, मीठ सुकतं तसा. मी दोनदा धुतला. गेला. कोणाचा हात होता हे मी डागाला विचारत बसले नाही.

ह्या दोन दिवसांत मला माझ्या डोक्याचीच जास्त भीती वाटली. कुठली पुण्याची टीम रोज पोरगी शोधत येते? तिचं एक दार मी बंद केलं, कशावरून? बोटांवरून. आरशावरून. गाडीचा आरसा सैल असू शकतो. सीट कमलेशनं धुतली असेल, ओली राहिली असेल. आणि गार हात... उघड्या दारातून वारा आला असेल. एप्रिलमध्ये. खाडीवरून. शनिवारी संध्याकाळी मी पिना हातात घेऊन अंगणात उभी होते. लावल्या असत्या तर रविवार अजून हातात होता. मग आत गेले.

रविवारी दुकान बंद असतं. शटर अर्धं वर करून मी आत हत्यारं पुसत होते. हिरामण घरी झोपला होता. नेत्रा आली आणि शटरच्या आत खालीच बसली, माझ्याकडे पाठ करून, अंगणातल्या गाडीकडे तोंड करून.

"अकरा वाजले," ती म्हणाली. दोन दिवसांतले पहिले शब्द. "आता माझा नंबर लागला असता."

माफी मागायची मला सवय नाही, आणि मागायची होती की नाही तेही ठरत नव्हतं.

"तू पिना दे," ती म्हणाली. "मी शर्यतीला नाही जात. गेली ती. पण गाडी कमलेशदादाला नीट उभी करून देऊ. अशी बसलेली बघवत नाही."

मी ब्लाउजमधून पिना काढल्या. चार होत्या. हातावर घेतल्या आणि तिच्यापुढं धरल्या. तिनं घेतल्या नाहीत. ती गाडीकडे बघत होती.

मागचं डावं चाक उभं राहत होतं. पिन माझ्या हातात होती, वॉल उघडा होता, आणि टायर भरत होता. पंपानं भरतो तसा नाही. छाती भरते तसा. गाडीचा तो कोपरा हळूहळू वर आला आणि थांबला. मग मागचं उजवं भरायला लागलं.

आजूबाजूला आवाज नव्हता. रविवारी कंटेनरसुद्धा कमी असतात. फक्त रबर ताणल्याचा आवाज येत होता, बारीक.

नेत्रा सरकत सरकत मागं आली आणि तिनं माझ्या साडीचा काठ धरला, तीन वर्षांची होती तेव्हा बाजारात धरायची तसा. पुढचं उजवं चाक भरायला लागलं. ती चालवायला बसते त्या बाजूचं.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "मला नाही जायचं."

"मला काय सांगतेस?" मी म्हटलं. "तिकडं सांग. मोठ्यानं."

तिनं मोठ्यानं सांगितलं.

चाक अर्धं भरलं होतं. ते तिथंच थांबलं.